ढमकीचा आवाज कोणाचा

"ताई, अजून एक वेळ," प्रज्योत म्हणाला. "पण आता तोंड पूर्ण उघडून. तुम्ही लाजून रायल्या."

मी लाजत होते हे खरंच होतं. अमरावतीत त्याच्या मामाची एक बंद पडलेली पिठाची गिरणी होती. तिच्या भिंतींना जुन्या गाद्या बांधून त्याने गाणी रेकॉर्ड करायची खोली केली होती. तिथे मी माईकसमोर उभी होते आणि माझ्या घशातून आवाज निघत नव्हता. पुण्यातल्या स्टुडिओत हाच आवाज नळ सोडल्यासारखा यायचा. तिथे समोर पडदा असायचा, पडद्यावर पाणघोडी असायची, आणि जे काही तोंडातून निघायचं ते तिच्या नावावर जायचं. इथे पाणघोडी नव्हती. तेवीस वर्षांचा एक काळासावळा पोरगा होता आणि तो माझ्याकडे टक लावून बघत होता.

मी चंद्रकला सुरजुसे. परदेशातून येणारी कार्टूनं मराठीत होतात तेव्हा त्यांना आवाज द्यायचं काम मी करायचे. 'नदीकाठची नाटकं' नावाची मालिका एका वाहिनीवर रोज संध्याकाळी लागायची. तिच्यात एक वाघ, एक कोल्हा, माकडांची टोळी आणि नाव चालवणारी ढमकी नावाची पाणघोडी होती. जाडजूड, चिडकी, येणाऱ्याजाणाऱ्याला दम देणारी. अकरा वर्षं मी ढमकी होते. मुलांच्या दप्तरांवर ढमकी होती, वाढदिवसाच्या केकवर ढमकी होती. माझं नाव मात्र शेवटच्या पाट्यांमध्येसुद्धा कधी आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटायचं.

पहिल्या दिवसाची गोष्ट सांगते. अनुवाद करणाऱ्याने लिहिलं होतं, 'माझ्या वाटेतून बाजूला हो.' मी ते म्हणून टाकलं, तरी पाणघोडीचं तोंड उघडंच. एवढा मोठा जबडा, तो मिटायला वेळ लागतो. पुन्हा म्हटलं, पुन्हा तोंड उघडंच राहिलं. दिग्दर्शक वैतागून म्हणाले, "काहीतरी गावरान टाक गं, लांबव, लोक हसतील असं." मग मी डोळे मिटले आणि म्हणाले, "सरक तिकडं बाप्पाऽऽ, नाई तं बुडवतो तुलेऽऽ." जबडा शब्दावर बरोबर मिटला. काचेपलीकडचे सगळे पोट धरून हसले. त्या दिवसापासून नदीकाठचे सगळे प्राणी पुस्तकी मराठी बोलत राहिले आणि ढमकी तेवढी वऱ्हाडी.

प्रज्योत तायडे त्या ढमकीवर वाढला होता. रॅप करायचा, कार्यक्रमात स्वतःला 'खटका' म्हणवून घ्यायचा. एका ध्वनिमुद्रकाकडून माझा नंबर मिळवून त्याने महिनाभर माझा पिच्छा पुरवला होता. त्याला असं गाणं करायचं होतं, ज्यात खटका आणि ढमकी भांडतील. कडवं त्याचं, ओरडा तिचा. मी त्याला विचारलं होतं, एवढी कार्टूनं पडली आहेत, हीच का? तो म्हणाला, "शाळेत मी 'मले-तुले' म्हनलं का बाई छडी मारे. घरी येऊन टीव्ही लावला का ढमकीही तसंच बोले. टीव्हीत आमच्यासारखं बोलनारी ते एकलीच होती ताई. अन् ते पानघोडी होती."

हेच त्याने गाण्यात लिहिलं होतं:

वाघ बोले शुद्ध, कोल्हा बोले शुद्ध,
माकडाच्या तोंडाले पुस्तकाचं दूध,
एकली ढमकी बोलली घरच्यासारखी,
तिलेच केलं ढोली, तिचीच घेतली फिरकी!

ढोली म्हणजे जाडी. हे चार बोल तो माझ्यासमोर जितक्या वेळा म्हणाला तितक्या वेळा मी खाली बघितलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्याच दुपारी फोन आला. वाहिनीच्या कायदा विभागातले शिरीष गुप्ते बोलत होते. रविवारी अमरावतीच्या एका कॉलेजात आमचा कार्यक्रम होता, त्याचं पोस्टर कोणीतरी त्यांच्यापर्यंत पोचवलं होतं. गुप्ते फार गोड बोलायचे. त्यांनी मला माझ्या कराराचं नववं कलम वाचून दाखवलं. ढमकीचा आवाज, तिच्या बोलण्याच्या लकबी, तिचं हसणं, सगळं वाहिनीच्या मालकीचं. मी ते बाहेर कुठेही वापरू शकत नव्हते. ते नागपूरला आलेच होते, परवा अमरावतीला येऊन माझी सही घेणार होते. मी यापुढे हा आवाज वाहिनीच्या कामाखेरीज कधीही काढणार नाही, एवढंच लिहून द्यायचं. दिलं तर नव्या पर्वाचे चाळीस भाग माझे. नाही दिलं तर नोटीस, आणि ढमकीला दुसरी बाई.

मी फोन ठेवला आणि प्रज्योतला सगळं सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. तो गादीला टेकून खाली बसला आणि म्हणाला की तुमच्या पोटावर पाय येत असेल तर सही करा, मी एकटा गाईन. मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण भांडू कोनाशी?"

मला त्याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मला माझी भीती वाटली. चाळिशी उलटलेली, पुण्यात एकटी राहणारी बाई. मला दुसरं काही येत नव्हतं. मी मनातल्या मनात सही करून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी मोर्शीला मायला भेटायला निघाले. आम्ही भोई. माझी माय, गिरजाबाई, धरणातली मासळी तिथल्या बाजारात विकते. प्रज्योतला ते कळलं आणि तो रेकॉर्डर घेऊन मागेच लागला. त्याला बीटसाठी खरे आवाज हवे होते, विळ्यावर मासा कापल्याचे, तराजूच्या साखळीचे. मी नाही नाही त्या सबबी सांगितल्या. बाजारात फार घाण असते म्हणाले, माय तापट आहे म्हणाले. तापट आहे हे ऐकून तर तो बसमध्ये माझ्याआधी चढला.

बाजारात पोचलो तेव्हा माय तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. पुढ्यात रोहू आणि मरळ, मांडीशी विळा, डोक्यावर पदर. एक गिऱ्हाईक माशाचे कल्ले उघडून उघडून बघत होतं आणि घेत काही नव्हतं. मी प्रज्योतचा हात धरून त्याला झिंग्याच्या पाटीकडे ओढलं, पण उशीर झाला होता.

"सरक तिकडं बाप्पाऽऽ," माय कडाडली, "घेनं नाई देनं नाई, मासा काय तुह्या सोयरिकीतला हाय का नाडी पायालेऽऽ?"

प्रज्योत जागीच थांबला. त्याने कानावरचे हेडफोन काढून गळ्यात घातले. तोच सूर, तेच शेवटाला ओढणं, तीच खालून वर जाणारी धमकी. बाजारात चार ओळी पलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून माय शब्दाचं शेपूट ताणते. ते शेपूट मी उचललं होतं आणि पाणघोडीच्या जबड्यात कोंबलं होतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ढमकी तं हे बसली."

मी त्याला हापशामागे नेलं आणि सांगितलं की तोंड बंद ठेव. तिला हे माहीत नाही, तिच्या घरी टीव्ही नाही, आणि तिला ते कधी कळता कामा नये. त्याने विचारलं, का? मी त्याला खरं ते सांगितलं. वयाच्या विसाव्या वर्षी पुण्यात गेले तेव्हा 'मले' म्हणाले की पोरी हसायच्या. मी जीभ घासून घासून स्वच्छ केली. नाटकात, रेडिओवर, फोनवर, सगळीकडे असं बोलायला लागले की माझं गाव कोणतं हे कोणाला ओळखू येऊ नये. आणि मग एक दिवस लोकांना हसवायला काहीतरी हवं होतं, तेव्हा मी माझ्या मायला काढून दिलं. एका जाड्या जनावराला. अकरा वर्षं अख्ख्या महाराष्ट्राची पोरं माझ्या मायला हसत होती आणि मी त्याची बिलं लावत होते. मला माझीच शिसारी आली हे मी पहिल्यांदा त्या हापशामागे बोलून दाखवलं. प्रज्योतने हापसून मला पाणी दिलं.

आम्ही परत आलो तर माय आमच्याकडेच बघत होती. कसली कुजबुज चालली आहे म्हणून तिने विचारलं. मी म्हणाले काही नाही गं आई, कामाचं आहे. पण प्रज्योतच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. ताईंच्या आवाजावर वाहिनीवाले मालकी सांगतायत, उद्या एक साहेब सही घ्यायला येतोय, एवढं त्याने सांगूनच टाकलं. पाणघोडीचं नाव तेवढं त्याने काढलं नाही.

मायने विळा पाण्यात बुचकळला, पुसला आणि गोणपाटात गुंडाळला.

"उद्या मी येतो," ती म्हणाली.

मी तिला पन्नास कारणं दिली. उद्या मासळी कोण विकेल, बसचा त्रास, तिकडे सगळं कायद्याचं बोलणं. तिने एकही ऐकलं नाही. सकाळी ती धुतलेलं लुगडं नेसून माझ्याआधी बस-स्टँडवर हजर होती.

गुप्ते अकराच्या ठोक्याला गिरणीत आले. पन्नाशीचे, नीटनेटके, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेले. प्रज्योतने त्यांना खुर्ची दिली, मायला आणि मला दुसऱ्या दोन दिल्या आणि स्वतः पिठाच्या जुन्या डब्यावर बसला. गुप्त्यांनी मायला वाकून नमस्कार केला. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्याला त्याचं काम करायचं होतं. तो म्हणाला की आवाज देणाऱ्या कलाकाराचा आम्हाला आदरच आहे, पण पात्र आमचं, आणि पात्राचा आवाज म्हणजे पात्रच. आज तुम्ही गाण्यात वापराल, उद्या कोणी साबणाच्या जाहिरातीत वापरेल.

मग त्यांनी लॅपटॉप उघडला. कोणत्या आवाजाबद्दल बोलतो आहोत याबद्दल गैरसमज नको, म्हणाले. मी उठून उभी राहिले. मी म्हणाले, त्याची गरज नाही, मी सही करते. खरंच पेन हातात घेतलं होतं. पण गुप्त्यांनी बटण दाबलं होतं.

पडद्यावर ढमकी आली. हिरवी नाव, गुलाबी नाकपुड्या, कमरेवर हात. माकडाला नावेतून ढकलत ती ओरडली, "सरक तिकडं बाप्पाऽऽ, नाई तं बुडवतो तुलेऽऽ!" आणि मग ते हसणं, घशातल्या घशात घरघरत येऊन एकदम फुटणारं.

मी मायकडे बघू शकले नाही. गुप्त्यांनी लॅपटॉप मिटला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"थांब वं," माय म्हणाली. "साहेब, या कागदावर माही सई कुठी हाय?"

गुप्ते हसून म्हणाले, आजी, तुमची सही नकोय, करार तुमच्या मुलीचा आहे.

"करार पोरीचा असंन. आवाज माहा हाय."

"म्हणजे?"

मायने म्हणजे काय ते सांगितलं नाही. तिने बसल्या जागेवरून गुप्त्यांकडे बोट केलं आणि बाजारात ओरडते तशी ओरडली. काय ओरडली ते लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या पांढऱ्या शर्टापासून सुरुवात होती आणि ते कोणाच्या पोटचे याबद्दल शंका होती. गाद्या बांधलेल्या त्या खोलीत अक्षरशः ढमकी उभी राहिली. गुप्त्यांची खुर्ची वीतभर मागे सरकली. आणि मग माय हसली, तेच हसणं, घरघर आणि फुटणं.

"आता सांगा," ती शांतपणे म्हणाली. "हे तुमचं म्हनता? मी हे साठ वर्सं बोलून रायलो. माही माय बोले. तुमची टीव्ही तवा कुठी होती?"

गुप्त्यांनी घाम पुसला. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले की मॅडम, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही. मी काय सांगणार होते. मी मायला एवढंच विचारलं की तुला कधीपासून माहीत आहे.

"सात वर्सं झाली," माय म्हणाली. "शेजारच्या शोभीच्या घरी पोट्टे पायत होते. मी दारातून जात होतो, तं मीच आतून बोलली. डोकावून पायतो तं पानघोडी."

"मग बोलली का नाहीस? मला जोडा का नाही हाणलास?"

माय थोडा वेळ लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. तिला इतका वेळ शब्द शोधताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"पहिले लय राग आला. वाटलं, पोरीनं मले जनावर केलं. मंग रोज संध्याकाळी शोभीच्या घरी जाऊन बसाले लागलो. तू फोनवर बोलते न, 'आई, कशी आहेस, जेवलीस का'. ते कोन बाई बोलून रायली, मले समजत नाई. टीव्हीत तू माह्याशी बोले. पानघोडी तं पानघोडी, पन माही पोरगी बोलून रायली, येवढं समजे."

मी रडले. प्रज्योतसमोर, गुप्त्यांसमोर, नाक ओढत, लाज सोडून रडले. अकरा वर्षं मी समजत होते की मी तिचा आवाज चोरून विकते आहे. ती मात्र रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या दारात बसून माझा आवाज ऐकत होती, कारण मी स्वतःहून तो तिला देत नव्हते.

गुप्त्यांनी पुरेसा वेळ थांबून घसा साफ केला. ते म्हणाले की हे सगळं भावनेच्या पातळीवर ठीक आहे, पण कागद कागद असतो. तुम्ही सही केली नाही तर मला पुढची पावलं उचलावी लागतील. ढमकी तुमच्या हातून जाईल. तुम्हाला डबिंगचं काम पुन्हा देताना लोक विचार करतील.

मी पेन टोपण लावून त्यांच्या खिशात खोचलं. मग बोलले. समोर पडदा नव्हता, कोणी हसावं म्हणून नव्हतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी एका शहरातल्या साहेबाशी माझ्या घरच्यासारखं बोलत होते.

"साहेब, पानघोडी तुमची. घेऊन जा तिले, नेऊन बांधा. नाव तुमची, नदी तुमची. हा आवाज आमचा हाय. नोटीस पाठवाची असंन तं दोन पाठवा. एक माह्या नावानं, एक गिरजाबाई महादेव सुरजुसे, मासोळी बाजार, मोर्शी. आम्ही दोघी येतो कोर्टात, अन् जज साहेबासमोर अशाच बोलतो. मंग त्यायलेच विचारू, हे कोनाचं हाय."

गुप्ते कागद पिशवीत घालून उठले. दारात थांबून ते मायला म्हणाले, "आजी, आमची आई चिपळूणची. ती रागावली की अशीच..." आणि वाक्य अर्धं सोडून निघून गेले.

ते गेल्यावर प्रज्योत डब्यावरून उठला आणि त्याने मायसमोर माईक ठेवला. मी तिला सांगायला गेले की चार ठोके मोजायचे, मग बोलायचं. ती म्हणाली, मी मोजत गिजत नाई. प्रज्योत म्हणाला, "तुम्ही नका मोजू आजी. मी मोजतो. तुम्ही फक्त मले रागवा." आणि माय त्याला रागावली. केसांवरून रागावली, फाटक्या पँटवरून रागावली, जेवत नाहीस म्हणून रागावली. तो तिच्यामागे ठोके लावत धावत होता आणि मधल्या जागेत मी शिरत होते, एक ओळ तिची, एक माझी, मग त्याचं कडवं. तीन तासांत गाणं झालं. रविवारी कॉलेजच्या मैदानात आम्ही तिघांनी ते गायलं. माय लुगडं खोचून माईकसमोर उभी राहिली आणि पहिल्या रांगेतल्या शिट्ट्या मारणाऱ्या पोरांना तिने आधी गप्प केलं. पोरांना वाटलं तेही गाण्यातलंच आहे.

नोटीस आली. दोन नाही, एकच आली, माझ्या नावाने. आमच्या ओळखीच्या एका वकील बाईंनी तिला उत्तर दिलं. त्यात मायचं वय, धंदा आणि बाजारात ती किती वर्षं बसते ते लिहिलं होतं, आणि सोबत तिचा आवाज जोडला होता. वाहिनीकडून पुढे काही आलं नाही. काम मात्र गेलं. दोन वर्षं मला एकाही स्टुडिओने बोलावलं नाही. मी पुणं सोडलं, अमरावतीत त्या गिरणीत प्रज्योतबरोबर बस्तान बसवलं. ओढाताण झाली, अजूनही होते. ती सही न केल्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही.

ढमकीला दुसरी बाई मिळाली. नवं पर्व लागलं त्या संध्याकाळी माय शोभीच्या घरी जाऊन बसली. संपल्यावर तिने मला फोन केला.

"पायलं वं," ती म्हणाली. "चांगली बोलते ते बाई. जोर हाय आवाजात."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. तिच्या मायनं तिले कधी रागावलं नाई वाटते."